लसीचा ताप आणि हाताची चूक

धनुर्वाताचे इंजेक्शन काहीजण प्रत्येक खरचटण्याला घेतात, तर काहीजण तापाच्या भीतीने बाळाची लसच टाळतात. लसीमुळे होणारा त्रास कोणता, लस देणाऱ्याची चूक कोणती आणि निव्वळ योगायोग कोणता, हे ओळखता आले तर या दोन्ही गोष्टी टळतील.

मृगाच्या तोंडावर दारव्हा तालुक्यातली वावरे पेरणीसाठी तयार होत असतात. मागच्या हंगामातली पऱ्हाटी कापून झालेली असते, पण तिची धसकटे जमिनीत राहिलेली असतात. झिजक्या चपलेने किंवा अनवाणी फिरणाऱ्याच्या तळपायात त्यातले एखादे खोलवर घुसते. रक्त फारसे येत नाही. वरून पाहिले तर बारीकसे भोक. माणूस ते दाबून काटा काढतो, हळद किंवा चुना भरतो आणि कामाला लागतो. दोन दिवसांनी पाय ठणकू लागला की दवाखान्यात जाऊन म्हणतो, ‘डॉक्टर, एक टीटी मारून द्या.’ मागची टीटी कधी घेतली होती, हे तो सांगत नाही आणि बहुतेक वेळा त्याला कुणी विचारतही नाही. कदाचित ती चार महिन्यांपूर्वीच झालेली असते.

त्याच गावातल्या अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असतो. दहा आठवड्यांचे बाळ मांडीवर घेतलेली आई आशाताईंना विचारते, ‘मागच्या वेळेस पोराले रातभर ताप होता, यावेळी नाही देली तर चालते का?’ सोबत आलेली सासू म्हणते, ‘राहू द्या, पुढच्या महिन्यात पाहू.’

एकाला सुईवर गरजेपेक्षा जास्त विश्वास आहे, तर दुसरीला गरजेपेक्षा जास्त भीती. दोघांची अडचण एकच आहे. लस शरीरात काय करते आणि तिचा त्रास नेमका कुठवर असतो, हे त्यांना कुणी नीट सांगितलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात तर ही भीती अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही. २०२१ साली याच जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझर गेले होते. त्या घटनेकडे येऊच. पण आधी धनुर्वाताबद्दल.

मातीतला जंतू

धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी, आपल्या मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतो. वावरात, गोठ्यात, रस्त्याच्या धुळीत तो बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षे टिकून राहतो. ऊन, कोरडेपणा आणि साधे जंतुनाशक यांना तो दाद देत नाही. त्याला वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. म्हणून उघडी, भळभळ वाहणारी जखम त्याला फारशी मानवत नाही, तर धसकट, काटा, खिळा यांनी झालेली खोल आणि वरून बंद झालेली जखम मानवते. गंजलेल्या खिळ्याची आपल्याला भीती वाटते, पण दोष गंजाचा नसतो. खिळ्यावरची माती आणि त्याने केलेले खोल भोक हे खरे कारण.

जंतू जखमेतच राहतो. घात करते ते त्याचे विष. हे विष मज्जातंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि स्नायूंना सैल होण्याचा जो संदेश मिळत असतो तो रोखून धरते. मग स्नायू आखडतात आणि आखडलेलेच राहतात. साधारणपणे आधी जबडा बसतो, नंतर मान आणि पाठ ताठ होते, आणि झटक्यात शरीर धनुष्यासारखे मागे वाकते. म्हणूनच आपल्याकडे या रोगाला धनुर्वात म्हणतात. जखमेनंतर तीन ते एकवीस दिवसांत, बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात, लक्षणे सुरू होतात. तोवर जखम कधी भरूनही गेलेली असते. एकदा विष मज्जातंतूंना चिकटले की कोणतेही औषध ते सोडवू शकत नाही. अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात, आणि तरीही काही रुग्ण दगावतात.

या रोगाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. गोवराच्या बाबतीत गावातल्या बहुतेकांनी लस घेतली तर उरलेल्यांनाही थोडे संरक्षण मिळते. धनुर्वाताच्या बाबतीत तसे होत नाही. शेजाऱ्याने घेतलेल्या लसीचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही. दुसरी गोष्ट, धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुन्हा धनुर्वात होऊ शकतो. जीव घेण्यास पुरेसे विष इतके थोडे असते की शरीराची प्रतिकारशक्ती त्याने जागीच होत नाही. आजारही जे संरक्षण देत नाही, ते लस देते.

लसीत असते काय?

धनुर्वाताच्या लसीत जंतू नसतो. जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. प्रयोगशाळेत जंतू वाढवून त्याचे विष वेगळे काढतात आणि फॉर्मॅलिनची प्रक्रिया करून त्याची मारकता घालवतात. उरतो तो विषाचा निरुपद्रवी सांगाडा, त्याला टॉक्सॉइड म्हणतात. शरीर तो ओळखून ठेवते आणि पुढे खरे विष आले की त्याला अडवते. त्यामुळे ही लस घेतल्याने धनुर्वात होण्याची शक्यताच नसते. २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात जुन्या टीटीची जागा टीडीने घेतली आहे. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. लोकांच्या तोंडी मात्र अजून टीटीच आहे.

हे टॉक्सॉइड ॲल्युमिनियमच्या क्षाराला चिकटवलेले असते, म्हणजे ते स्नायूत सावकाश सुटते आणि प्रतिकारशक्तीला पुरेसा वेळ मिळतो. दंड दुखतो, टोचल्या जागी लाली येते, बारीक गाठ जाणवते, ते मुख्यतः यामुळेच. हा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. थोडा ताप, अंगदुखी, डोकेदुखी काहींना होते. गाठ कधी दोन-चार आठवडे राहते. ती चोळू नये, फोडू नये, शेकू नये. तशीच राहू द्यावी.

गंभीर त्रासही आहेत, पण ते अत्यंत विरळ. लस घेतल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणे, चेहरा सुजणे, दम लागणे, रक्तदाब कोसळणे अशी तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसमागे साधारण एकाला होते. ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनने आटोक्यात येते. लसीकरणानंतर अर्धा तास तिथेच बसायला सांगतात ते याचसाठी. दुसरा त्रास म्हणजे खांद्याच्या मज्जातंतूंचा दाह. काही दिवस ते काही आठवड्यांनी खांदा प्रचंड दुखतो आणि हात कमजोर होतो. धनुर्वाताच्या लसीनंतर दहा लाखांत पाच-दहा जणांना हा होऊ शकतो असा अंदाज आहे. बहुतेकांचा हात हळूहळू पूर्ववत होतो.

आता त्या शेतकऱ्याकडे वळू. ‘टीटी सहा महिने चालते’ असा एक पक्का समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. लहानपणीचे सगळे डोस आणि पुढचे बूस्टर पूर्ण झालेल्या माणसाला अनेक वर्षे संरक्षण असते. जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल तर शेवटच्या डोसला दहा वर्षे उलटल्यावर, आणि माती-शेण लागलेली किंवा खोल असेल तर पाच वर्षे उलटल्यावर पुढचा डोस लागतो. त्याआधी पुन्हा पुन्हा टोचून घेतल्याने संरक्षण वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. रक्तात आधीच भरपूर प्रतिद्रव्ये असताना नवा डोस गेला की ती टोचल्या जागीच त्याच्यावर तुटून पडतात. खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजून लाल होतो. अशा रुग्णाला वाटते की लस खराब होती. खरे तर ती नको तेव्हा घेतलेली असते.

याची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. ज्या वयस्क माणसाचे बालपणी लसीकरण झालेच नाही, त्याला जखमेनंतर घेतलेली एक सुई पुरत नाही. पहिल्या डोसने प्रतिकारशक्तीला फक्त ओळख होते. तिला चार आठवड्यांनी दुसरा आणि सहा महिन्यांनी-वर्षाने तिसरा डोस लागतो. आपल्याकडे साठी ओलांडलेल्या कित्येक स्त्री-पुरुषांचे हे तीन डोस कधी झालेलेच नाहीत. देशात सर्व बालकांसाठी सार्वत्रिक लसीकरण १९८५ साली सुरू झाले, त्याआधी जन्मलेले हे लोक. अशा माणसाला घाण, खोल जखम झाली तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. आणि सगळ्यात आधी जखम साबण आणि भरपूर पाण्याने धुवावी लागते. हळद, चुना, राख, शेण भरून ती बंद केली तर जंतूला हवी तशीच जागा आपण तयार करून देतो.

घोड्याच्या रक्ताची जुनी आठवण

‘धनुर्वाताच्या इंजेक्शनने रिॲक्शन येते’ हे वाक्य जुन्या माणसांकडून ऐकले असेल. ते अगदीच खोटे नव्हते. फक्त ते इंजेक्शन वेगळे होते.

बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी १८९० साली दाखवून दिले की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तजलात विष निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते. त्यानंतर कित्येक दशके घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून हे प्रतिविष काढले जात असे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम चाले, आणि पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे त्यासाठी दिले जात. त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिच्या नावातला ‘सीरम’ म्हणजे हेच रक्तजल.

या प्रतिविषाने जीव वाचले, पण ते घोड्याचे प्रथिन होते. माणसाचे शरीर त्याला परके मानत असे. काहींना टोचताक्षणी तीव्र ॲलर्जी होई. काहींना आठवड्याभराने ताप, पुरळ, सांधेदुखी सुरू होई. म्हणून आधी त्वचेत थेंबभर टोचून पाहण्याची पद्धत होती. आता गरज पडल्यास माणसाच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये वापरता येतात आणि हा धोका खूप कमी झाला आहे. टॉक्सॉइडची लस ही या दोन्हींपेक्षा निराळी गोष्ट. एका औषधाची आठवण दुसऱ्याच्या नावावर चिकटली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

गर्भवतींच्या बाबतीत आणखी एक अफवा फिरते की या लसीने मूल होत नाही. केनियात २०१४ साली तिने मोठे वादळ उठवले होते. तिचे एक टोक भारतातच सापडते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी गर्भनिरोधक लसीवर संशोधन केले होते. त्या प्रायोगिक लसीत गर्भधारणेचे एक संप्रेरक धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडलेले होते, कारण टॉक्सॉइड हा प्रतिकारशक्तीला जागे करणारा ओळखीचा वाहक आहे. ते वेगळे संशोधन होते. गरोदरपणात मिळणाऱ्या टीडीत ते संप्रेरक नसते.

या लसीने गर्भवतींचे काय झाले याचा हिशेब उघड आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बालके धनुर्वाताने मरत असल्याचा अंदाज होता. नाळ विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापायची आणि तिच्यावर राख किंवा शेण लावायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. बाळ चार दिवस छान दूध प्यायचे, मग त्याचे तोंड उघडेनासे व्हायचे. आठवड्याभरात ते जायचे. आईला दिलेल्या लसीची प्रतिद्रव्ये वारेतून बाळात उतरतात. ही लस आणि दवाखान्यातली स्वच्छ प्रसूती यांच्या जोरावर २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पण जंतू अजूनही मातीत आहेच. त्यामुळे आज गरोदर असलेल्या प्रत्येक स्त्रीला टीडी घ्यावीच लागते.

बाळाला ताप का येतो?

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस पाच रोगांवर असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर. सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पुन्हा पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीचे बूस्टर असतात. यातला डांग्या खोकल्याचा भाग म्हणजे अख्खा मारलेला जंतू. त्याच्यावर शरीर जोरात प्रतिक्रिया देते. ताप, मांडीवर सूज, किरकिर हा त्रास मुख्यतः त्याचाच. तो खूप बाळांना होतो, बहुधा त्याच दिवशी सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत थांबतो.

मागच्या डोसला रात्रभर ताप आला हे पुढचा डोस न देण्याचे कारण होत नाही. आरोग्यसेविकेने सांगितलेल्या मात्रेत, बाळाच्या वजनाप्रमाणे, पॅरासिटामॉल द्यावे. कपडे सैल ठेवावेत, दूध पाजत राहावे, टोचल्या जागी स्वच्छ ओल्या फडक्याची घडी ठेवावी. हळद, बटाटा, तेल यांचा लेप नको.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नये. बाळ तीन तासांहून जास्त वेळ न थांबता किंचाळून रडणे, अंग एकदम सैल पडून निस्तेज होणे, फिट येणे, श्वासाला त्रास, चेहऱ्यावर सूज, दोन दिवसांहून जास्त टिकणारा ताप, टोचल्या जागी पू. यातले काहीही झाले तर लगेच दवाखाना गाठावा आणि लस कधी, कुठे दिली ते कार्डासह सांगावे. तापात येणारी फिट पाहणाऱ्याला भयंकर वाटते, पण तिने सहसा मेंदूला कायमची इजा होत नाही. पुढचा डोस द्यायचा की नाही, कोणता द्यायचा, हे डॉक्टर ठरवतील. घरातल्यांनी परस्पर ठरवू नये.

बाकी लसींचे त्रासही आपापल्या वेळापत्रकाने येतात. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर पुळी येते, फुटते आणि व्रण राहतो. लस लागू पडल्याची ती खूण आहे, तिला मलम लागत नाही. गोवर-रुबेलाच्या लसीनंतरचा ताप आणि बारीक पुरळ त्याच रात्री नव्हे, तर साधारण पाच ते बारा दिवसांनी येतो. पोलिओचे थेंब म्हणजे अशक्त केलेला जिवंत विषाणू. साधारण पंचवीस लाख डोसांमागे एकाला त्या थेंबांनीच लुळेपणा येऊ शकतो. हा धोका कमी करण्यासाठी भारताने २०१५च्या अखेरीस इंजेक्शनची पोलिओ लस जोडली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला. त्रास मोजला गेला म्हणूनच लस बदलता आली.

कापसी-कोपरीचे थेंब

३१ जानेवारी २०२१, रविवार. देशभर पोलिओचा डोस सुरू होता. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या बारा बालकांना लसीऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. कोरोनाचे दिवस होते, बूथवर सॅनिटायझर असणारच होते. चूक लक्षात आल्यावर मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवले. त्यांची प्रकृती सुदैवाने स्थिर राहिली. बूथवरच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि बातमी जगभर गेली.

या घटनेत लसीचा दोष शून्य होता, कारण लस दिलीच गेली नव्हती. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात राहिले ते ‘पोलिओच्या डोसाने मुले दवाखान्यात’. लसीकरणानंतरच्या त्रासाचे जागतिक आरोग्य संघटना पाच गट करते: लसीचा स्वतःचा परिणाम, लसीच्या उत्पादनातला दोष, लस देताना झालेली चूक, सुईच्या भीतीने झालेला त्रास आणि योगायोग. कापसी-कोपरी तिसऱ्या गटात येते. या गटातले जवळपास सगळेच टाळता येण्यासारखे असते.

अशीच एक चूक सव्वाशे वर्षांपूर्वी झाली होती, आणि तिचा संबंध थेट धनुर्वाताशी आहे. मुंबईत प्लेग पसरला असताना वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे मरण पावले. बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झाले नाही. ठपका मात्र हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर केले गेले.

चौकशीच्या कागदपत्रांत एक लहानसा तपशील होता. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून निर्जंतुक करण्याऐवजी जंतुनाशकात नुसता बुचकळून वापरला गेला. मलेरियाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे प्रकरण लावून धरले आणि १९०७ साली हाफकिन यांच्यावरचा डाग धुतला गेला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले. मातीतल्या जंतूला लसीच्या बाटलीत शिरायला चिमटा जमिनीवर पडण्याएवढे निमित्त पुरले होते.

आज एकदाच वापरता येणारी, आपोआप निकामी होणारी सिरिंज असते, कुपीवर उष्णता नोंदवणारे चिन्ह असते, कोल्ड बॉक्स असतो. हे सगळे नियम अशा चुकांमधूनच आले आहेत. पण नियम पाळणारा हात शेवटी माणसाचाच.

कावळा बसला नि फांदी तुटली

पाचवा गट, योगायोग, समजायला सगळ्यात अवघड. वर्षभरात जवळजवळ प्रत्येक बाळाला पाच-सहा वेळा लस मिळते. त्याच वर्षात बाळांना न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, जन्मतः असलेले हृदयाचे दोष उघड होतात. एवढ्या लसी आणि एवढे आजार एकाच वर्षात आले म्हणजे काही आजार लसीच्या दुसऱ्या दिवशी येणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण एरवी सहज म्हणतो. पण फांदी आपल्या अंगणातली असली की ते म्हणवत नाही. म्हणून अशा प्रत्येक गंभीर घटनेची चौकशी व्हायला हवी. बाळाचे आधीचे आजारपण, त्याच कुपीतून लस घेतलेल्या इतर मुलांची स्थिती, कुपी कशी साठवली, हे सगळे तपासायला हवे. ‘लसीचा काही संबंध नाही’ असे तपासाआधीच सांगणारा अधिकारी आणि ‘लसीनेच झाले’ असे तपासाआधीच छापणारी बातमी, दोन्ही सारखेच नुकसान करतात.

सुईच्या भीतीचा गट शाळेत दिसतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी देताना रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन पडते आणि तिला पाहून आणखी चौघी पडतात. मुले उपाशी असतात, उभी असतात, घाबरलेली असतात. हे ढोंग नव्हे. रक्तदाब खरोखर घसरतो. खाऊन आलेली मुले, बसून दिलेली लस आणि बाकीच्यांना दिसणार नाही अशी जागा, एवढ्याने हे बरेचसे टळते.

चुकीची किंमत कशी वाढत जाते ते सामोआ या बेटांच्या देशाने २०१८-१९ मध्ये भोगले. तिथे गोवराची लस विरघळवताना परिचारिकांनी पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध वापरले आणि दोन बाळे दगावली. लोकांचा विश्वास उडाला, सरकारने कार्यक्रम महिनोन्‌महिने थांबवला. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली. दोन लाखांच्या देशात ८३ माणसे मेली, त्यातली बहुतेक लहान मुले. चुकीने दोन जीव घेतले आणि चुकीनंतरच्या भीतीने त्याच्या चाळीसपट.

दारव्ह्याच्या अंगणवाडीतल्या त्या आईचा प्रश्न म्हणून मोलाचा आहे. तिला ‘काही होत नाही हो’ असे म्हणून गप्प करण्यात अर्थ नाही. ताप येईल, तो इतके दिवस राहील, असे झाले तर मला फोन करा, एवढे सांगायला आशाताईंना दोन मिनिटे लागतात. आणि समोर कुपी उघडी असताना ‘ताई, ही कोणती लस?’ असे विचारण्याचा आईला पूर्ण अधिकार आहे. कापसी-कोपरीत त्या बाटलीवरचे नाव कुणीतरी मोठ्याने वाचले असते, तर बारा मुले दवाखान्यात गेली नसती.

लसीच्या दिवशी एवढे विचारा, एवढे पाहा

• आज कोणती लस आहे आणि ती कोणत्या रोगासाठी? कुपीवरचे नाव दाखवायला सांगा.

• कुपीवरच्या वर्तुळातला आतला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका असला पाहिजे. तो तेवढाच गडद किंवा जास्त गडद झाला असेल तर ती कुपी वापरू नये.

• सिरिंज नवी, बंद पाकिटातली आणि तुमच्यासमोर उघडलेली असावी.

• बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी पाणी घालून विरघळवल्यानंतर चार तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची असते. ती किती वाजता उघडली, ते विचारा.

• काय त्रास होऊ शकतो, कोणते औषध किती द्यायचे, कोणाला फोन करायचा? हे ऐकल्याशिवाय उठू नका. अर्धा तास तिथेच थांबा.

• बाळाला साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असेल तरी लस देता येते. जास्त ताप, गंभीर आजार किंवा आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी झाली असेल तर आधी सांगा.

• कार्ड जपून ठेवा. मोठ्यांनीही शेवटच्या टीडीची तारीख कुठेतरी लिहून ठेवावी. पुढच्या पेरणीत धसकट पायात घुसले, तर सुई हवी की नको हे त्या तारखेवरून ठरेल.

(हा मजकूर सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या बाबतीतला निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा.)